दुभाजकातली वाट

माघ सरत आला, तेव्हा बोरहळ्ळीच्या काळ्या रानात ज्वारी भरून उभी होती. कणसे पांढरी पडली होती, ताटे वाळून वाऱ्यावर सळसळत होती आणि उजाडल्यापासून पाखरांचे थवे त्यांवर उतरत होते. असे रान फार दिवस उभे ठेवता येत नाही. भूमीने दिलेले वेळेवर पदरात घ्यावे, एवढेच माणसाच्या हाती असते.

बिराजदारांची जमीन पूर्वी ओढ्यापासून मारुतीच्या पारापर्यंत एकसलग होती. सोलापुराकडून दक्षिणेस जाणारा हमरस्ता रुंद झाला, तो नेमका तिच्या मधून गेला. घर, गोठा आणि विहीर अलीकडे राहिली. ज्वारीचे रान पलीकडे. मध्ये दोन्ही दिशांनी अखंड धावणारी वाहने, आणि त्यांच्याही मध्ये सिमेंटचा कमरेइतका दुभाजक. गावकऱ्यांनी पहारी लावून त्यातले ठोकळे सरकवले होते व माणूस जाईल एवढी फट करून घेतली होती. विळे, पाण्याच्या घागरी, भाकरीच्या पाट्या, शेळ्या, सारे त्या फटीतून ये-जा करी. पौषात एका दूधवाल्याची मोटारसायकल तिथेच ट्रकखाली सापडली. तो वाचला, पण त्याचा पाय गेला. त्यानंतर टोलच्या कंपनीने फटीत लोखंडी कठडा ठोकला, आणि तोही ऐन काढणीच्या तोंडावर.

आता रानात जायचे तर टोलनाक्याला वळसा घालून ओढ्याच्या पुलाखालून जावे लागे. विजयमाला आणि तिचा नवरा शिवपुत्र तसे रोज जात. उन्हाची पहिली तिरीप येताना निघालेले ते दोघे रानात पोचेपर्यंत ऊन पाठीवर बसलेले असे.

त्या वळशाचे विजयमालेला दुःख होते. पण त्याहून मोठे दुःख नाक्याचे होते. नाक्याच्या काचेच्या खिडकीत तिची धाकटी जाऊ गंगम्मा बसलेली असे. गंगम्मेचा नवरा शिवराज चिंचोळी एमआयडीसीत कामाला होता व आठवड्यातून एकदा घरी येई. गंगम्मा अक्कलकोटकडची, बारावी झालेली. नाका उभा राहिला तेव्हा गावाने आंदोलन केले होते. रामहरीदादा त्याचे पुढारी. रस्त्याखालून जाण्यासाठी बोगदा, आणि ज्यांची जमीन गेली त्या घरांना नोकऱ्या, अशा दोन मागण्या होत्या. कंपनीबरोबरच्या बैठकीतून रामहरीदादा बाहेर आले तेव्हा नोकऱ्या मिळाल्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या गाड्यांना नाका मोफत झाला होता, आणि बोगदा 'पुढे बघू' या शब्दांवर गेला होता. बिराजदारांच्या घरातली नोकरी कोणी करावी, हे सासऱ्यांनी, आप्पांनी, एका वाक्यात ठरवले होते.

"शिकलेली जाईल," ते म्हणाले होते.

विजयमाला सातवीपर्यंत शिकली होती. तिने त्यावर काही म्हटले नाही. म्हटले असते तर तो सल कदाचित तिथेच निघून गेला असता.

त्या दिवशी नाक्याच्या कडेने जाताना गंगम्मेने खिडकी सरकवली. निळा सदरा, त्यावर चकाकणारे जाकीट, गळ्यात ओळखपत्र.

"अक्का, कडेकडेनं जावा. हिकडनं ट्रक वळत्यात."

विजयमालेने मान वळवली नाही. मागून येणारी सारजाबाई मात्र थांबली. सारजाबाई म्हणजे शेजारच्या रानातली. तिची जीभ रिकामी बसत नसे.

"काय गं विजे, तुझी जाऊ तुला रस्ता शिकवाया लागली की."

"शिकवू दे. तिला पगार त्याचाच मिळतोय."

"गार हवेत बसलीया बग. आपल्या तळहाताला फोड, तिच्या नखाला रंग."

"तुला कशापायी पंचाईत?"

"मला न्हाय बाई. मी तुझं बोलतेय."

आपल्या मनातले दुसऱ्याच्या तोंडून ऐकले म्हणजे ते अधिक खरे वाटू लागते. विजयमाला रानात पोचली, खाली वाकून तिने मातीला हात लावला, तो कपाळी नेला, आणि ताटांना हात घातला. ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दोन्ही मुठींत ताट धरून, कंबर मागे टाकून, एका झटक्यात ओढायचे, माती झटकायची, आडवे टाकायचे. दुपारपर्यंत तळव्यांना बांधलेल्या चिंध्या ओल्या झाल्या. शिवपुत्र तिच्या शेजारच्या ओळीत होता आणि मागे होता. तो नेहमीच मागे असे. सगळ्या शिवारात विजयमालेइतकी ज्वारी कोणी उपटीत नसे, आणि हे सर्वांना ठाऊक असूनही कोणी कधी बोलून दाखवले नव्हते.

संध्याकाळी ती चुलीपुढे बसली तेव्हा गंगम्मा कपडे बदलून आली आणि परातीला हात लावू लागली.

"अक्का, हात फुटल्यात तुमचे. सरका, मी थापते."

"नगं. तुझी नखं पिठात जातील."

गंगम्मेने हात काढून घेतला. ओसरीवरून आप्पांनी हाक दिली, "गंगू, च्या ठेव गं जरा. दमली असशील, तू बी घे."

दमली असशील, हे शब्द विजयमालेने परातीतल्या पिठासारखे मनात मळले, पुन्हा पुन्हा मळले.

दुसऱ्या सायंकाळी रामहरीदादा स्वतः ओसरीवर आले. पांढरा शुभ्र सदरा, मनगटात जाड कडे, बोलणे मधाळ. त्यांनी आप्पांना नमस्कार केला आणि मग हे मान्यवर गृहस्थ थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे वळले.

"वहिनी, तुमच्याकडंच आलोय."

"माझ्याकडं?"

"फट उघडायची. उद्या नाक्यावर बसायचं. बाप्ये बसले की पोलीस उचलत्यात. बाया बसल्या की साहेब येतोय. म्होरं कोण, तर मी म्हटलं विजयमाला वहिनी. रान पलीकडं, रोजचा वळसा. तुमच्यासारखं कोण सांगणार?"

त्या घरात विजयमालेचे नाव घेऊन कोणी काही मागायला आल्याचे तिला स्मरत नव्हते. तिने पदर सारखा केला.

"गंगम्मेच्या खिडकीफुडंच बसायचं का?" तिने विचारले.

"तितंच की."

"मग बसते."

रामहरीदादा गेल्यावर गंगम्मा गोठ्यापर्यंत तिच्या मागे आली. विजयमाला म्हशीपुढे वैरण टाकीत होती.

"अक्का, बसा तुमी, मी न्हाय म्हणत न्हाय. पर फट मागू नका. बोगदा मागा."

"का गं? तुझी नोकरी जाती का?"

"नोकरीचं न्हाय वो. आमाला तितल्या कॅमेऱ्यात दिसतंय समदं. गाडी किती जोरात येती ते हितनं कळत न्हाय. त्यो दूधवाला मी बगितला पडताना. मोजणीचे साहेब येणार हायत बोगद्याची जागा बगाया. फट उघडली तर म्हणतील, गावाला वाट हाय की, बोगदा कशाला?"

हे बोलणे सरळ होते, आणि विजयमालेला ते सरळ आहे हे कळलेही. परंतु ते गंगम्मेच्या तोंडून आले होते.

"कॅमेऱ्यात तुला समदं दिसतंय," ती म्हणाली, "माझी जळलेली पाठ तेवढी दिसत न्हाय."

आंदोलनाला बायका मोठ्या संख्येने आल्या. डांबर तापलेले, त्यावर पोती अंथरून त्या बसल्या. पुढे विजयमाला. मागे मोटारींची रांग लागली, भोंगे वाजू लागले, एका रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी सगळ्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. विजयमालेचे लक्ष घोषणांकडे नव्हते. ती काचेतल्या गंगम्मेकडे पाहत होती. गंगम्मेसमोर आज एकही गाडी नव्हती. तिचे हात रिकामे, मान खाली. असे काही पाहायला मिळावे म्हणून आपण किती दिवस थांबलो होतो, ते विजयमालेला त्या क्षणी कळले.

सोलापूरहून टोल कंपनीचे एक साहेब आले. त्यांनी विचारले, "तुमचं म्हणणं काय, बाई?"

"फट उघडा."

"उघडतो. म्हणजे गावाला अधिकृत वाट झाली. मग बोगद्याचं राहिलं नाही काही?"

विजयमालेने वर पाहिले. काचेपलीकडे गंगम्मा उभी राहिली होती, आणि तिची मान हळूच नकारार्थी हलत होती.

"न्हाय राहिलं," विजयमाला म्हणाली.

दुपारपर्यंत कठडा निघाला. रामहरीदादांनी विजयमालेच्या गळ्यात हार घातला, कोणी तरी छायाचित्र घेतले. शिवपुत्र म्हणाला, "लई झालं आता. चल, ज्वारी वाळतीया." पण ते सुद्धा तो हसून म्हणाला.

तिचे हे सुख अल्पायुषी ठरले. तिसऱ्या दिवशी बायका फटीपाशी पोचल्या तर तिथे भर उन्हात, दुभाजकाच्या मधोमध, गंगम्मा उभी. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात लाल आणि हिरवा झेंडा. नाक्यावरचे पाळीप्रमुख गौसभाई तिच्याशी काही बोलून जीपमधून परत निघाले होते.

"गंगे, तू हितं?" सारजाबाईने विचारले.

"मीच मागून घेतलं. काढणीभर कुणीतरी पायजे की हितं. थांबा, लाल दाखवल्याबिगर पाय टाकू नका."

तिने लाल झेंडा उभारला. खडी भरलेला ट्रक ब्रेक दाबीत थांबला, त्यामागे मोटारी थांबल्या, आणि पाट्या डोक्यावर घेतलेल्या बायका एखाद्या राणीच्या दासींसारख्या रस्ता ओलांडून गेल्या. सारजाबाईने पलीकडे पोचताच गंगम्मेच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटे मोडली.

"गारव्यातली खुर्ची सोडून आली गं आपल्यासाठी. पोर सोन्याची हाय."

फट उघडली विजयमालेने. आणि सोन्याची झाली गंगम्मा. गळ्यातला हार दोन दिवसांत सुकला होता, आणि लोक त्याविषयी बोलायचेही थांबले होते. आता येता-जाता गंगम्मेला कोणी पाणी देई, कोणी भाकरीवर चटणी. तिचा चेहरा उन्हाने काळवंडू लागला, ओठ फुटले. आणि विजयमालेला वाटले, हिने आता माझे ऊनही घेतले.

तिने एक गोष्ट मनाशी ठरवली. धाकट्या जावेच्या हाताखालून जायचे नाही. सकाळी ती सगळ्यांच्या आधी, गंगम्मा येण्यापूर्वी रस्ता ओलांडी. परतताना बायका एकत्र निघाल्या की ती काही ना काही काम काढून मागे राही, आणि गंगम्मेची पाळी संपून ती गेल्यावर घरी येई.

परंतु एक दिवस म्हशीच्या वैरणीची निकड होती. आप्पांनी निरोप धाडला होता की लवकर ये. उन्हे कलती व्हायची होती. बायका नुकत्याच रस्ता ओलांडून गावाकडच्या उताराखाली दिसेनाशा झाल्या होत्या. विजयमालेने कडब्याचा भारा डोक्यावर घेतला आणि ती रस्त्याच्या काठाशी आली. गंगम्मा फटीत उभी होती. तिने हात आडवा धरला.

"थांबा अक्का. टेंपो येतोय, जाऊ दे त्याला."

टेंपो अजून लांब दिसत होता. भाऱ्याखालून विजयमालेला रस्त्याचा एक तुकडा आणि गंगम्मेचा आडवा हात दिसत होता. त्या हाताने तिला थांबवले होते. मोठी जाऊ, घरातली थोरली सून, डोक्यावर भारा घेऊन एका हाताच्या खुणेसाठी तिष्ठत उभी.

"अक्का, थांबा म्हणते न्हवं."

विजयमालेने पाय टाकला.

गाडी हितनं किती जोरात येती ते कळत न्हाय, हे तिला गोठ्यात सांगितले गेले होते. ते खरे होते. रस्त्याच्या मध्याशी पोचण्याआधीच भोंगा तिच्या अंगावर आला. कोणी तरी तिचा दंड धरून हिसडा दिला. भारा उडाला, ती गुडघ्यांवर आपटली. टायर किंचाळले. टेंपो तिला चुकवून दुभाजकावर चढला, कलला, आणि त्यातल्या द्राक्षांच्या पेट्या डांबरावर विखुरल्या. तिचा दंड अजून गंगम्मेच्या मुठीत होता. गंगम्मेचा झेंडा टेंपोच्या चाकाखाली गेला होता.

चालक सोलापूरचा बंदेनवाज. लोकांनी त्याला दार वाकवून बाहेर काढले, तेव्हा त्याचा उजवा हात कोपराखाली भलताच लोंबत होता. तो वेदनेने दात आवळून एकच विचारीत होता, "झेंडा वर न्हवता, मग ही बाई आली कुठून?"

गौसभाई जीप घेऊन धावत आले. "ताई, काय झालं?"

गंगम्मा विजयमालेच्या पुढे येऊन उभी राहिली.

"चूक माझी," ती म्हणाली. "माझं टेंपोकडं ध्यान न्हवतं. मीच अक्काला या म्हटलं."

विजयमाला गुडघ्यावरची माती झटकीत राहिली. तिचे तोंड उघडले, आणि मग मिटले.

घरी आल्यावरही तिने ते उघडले नाही. दुसऱ्या दिवशी कळले की कंपनी गंगम्मेला कामावरून काढणार. सोलापूरचे साहेब दुपारी येऊन निर्णय देणार. रामहरीदादा सकाळीच ओसरीवर हजर झाले.

"वहिनी, तुमी निस्तं गप बसायचं. कंपनीच्या बाईनं चुकीची खूण केली, कंपनी जबाबदार. आज नाक्यावर मांडव टाकतो. आसपासच्या समद्या गावांच्या गाड्या मोफत झाल्याबिगर उठायचं न्हाय."

"आन् गंगम्मा?"

"एक नोकरी गेली तर दुसरी बगू. तिनं कबूलच केलंय की."

आप्पा खांबाला टेकून बसले होते. ते कधी फारसे बोलत नसत, आज बोलले.

"चूक झाली तर झाली. पर चार माणसांत सांगितलं पोरीनं, माझी हाय म्हणून. असं काळीज लागतंय. आपल्या घरात हाय, आपलं भाग्य."

गंगम्मा आत भांडी घाशीत होती. तिने वर पाहिले नाही. विजयमालेने तिच्या पाठीकडे पाहिले. नोकरी हिची, पगार हिचा, सासऱ्याची माया हिची, गावाची ओवाळणी हिची. आता केली मी ती चूक, तीही हिने उचलली, आणि तिच्यासाठीही हिचेच कौतुक. ह्या घरात माझे म्हणून काय उरले?

तिने पायांत चपला सरकवल्या.

"कुटं निगालीस?" शिवपुत्राने विचारले.

"नाक्यावर."

"मांडवात बसाया?"

ती तोवर ओसरी उतरली होती.

नाक्याच्या कचेरीत सोलापूरचे साहेब खुर्चीवर होते. गौसभाई उभे. कोपऱ्यात बंदेनवाज, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. बाहेर मांडवाचे बांबू रोवण्याचा आवाज येत होता. रखवालदाराने विजयमालेला अडवले, तशी ती म्हणाली, "मीच ती बाई हाय, टेंपोपुढं आलेली," आणि आत गेली.

"बसा," गौसभाई म्हणाले.

"बसायला न्हाय आले. ती चूक माझी हाय, साहेब. तिला देऊ नका."

साहेबांनी मान वर केली. "कोणाला?"

"गंगम्मेला. तिनं मला थांब म्हटलं. हात आडवा धरला. दोनदा म्हटलं. मी आयकलं न्हाय."

"का ऐकलं नाही?"

विजयमालेने बंदेनवाजच्या प्लास्टरकडे पाहिले. ती खोटे बोलायला आली नव्हती.

"तिनं म्हटलं म्हणून आयकलं न्हाय."

दारात रामहरीदादा येऊन उभे राहिले होते. "वहिनी, तुमाला धक्का बसलाय. चला घरला. साहेब, त्यांचं मनावर घेऊ नका."

"मनावर घ्या," विजयमाला म्हणाली. "आन् फट मी मागितली, ती बी चूकच. तिनं सांगितलं हुतं बोगदा मागा. मी तिच्यावर जळून न्हाय म्हटलं. आता बोगदा मागते. दादा, मांडव टाकताय तर बोगद्यासाठी टाका. मी म्होरं बसते."

रामहरीदादांनी हातातला मोबाइल उगाच पाहिला आणि ते बाहेर गेले. थोड्या वेळाने बांबू ठोकण्याचा आवाज थांबला.

बंदेनवाज कोपऱ्यातून म्हणाला, "बाई, माझा हात दीड-दोन महिने कामाचा न्हाय आता. घरी बायको, कमरुन्निसा, रडून दमली. तुमाला ठाव हाय का ते?"

"न्हवतं ठाव," विजयमाला म्हणाली. "आता हाय."

"पोलिसांत जबाब द्यावा लागेल, ताई," गौसभाई म्हणाले. "तुमच्यावर गुन्हा लागू शकतो."

"देते की. उद्या देते. आज रान अर्धं उभं हाय."

साहेबांनी टेबलावरचा कागद बाजूला सारला. मग गौसभाईंकडे वळून म्हणाले, "गंगम्मा बिराजदारांना उद्यापासून कामावर घ्या." बोगद्याविषयी ते काही म्हणाले नाहीत, फक्त या वेळी त्यांनी विजयमालेला तिचे पूर्ण नाव विचारले.

ती बाहेर पडून ओढ्याच्या पुलाच्या दिशेने चालू लागली तेव्हा गंगम्मा मागून धापा टाकीत आली. बातमी तिच्या आधी घरी पोचली होती.

"अक्का, कशाला सांगितलं वो? मी सोसलं असतं."

"व्हय, सोसलं असतंस. आन् गावानं तुला डोक्यावर घेतलं असतं. समदंच तुला पायजे व्हय गं?"

गंगम्मा थबकली. तिच्या फुटलेल्या ओठांवर हसू येऊ लागले, पण विजयमालेच्या मुद्रेवर विनोदाचा लेशही नव्हता, म्हणून तिने ते आवरले.

"मी येते रानात," ती म्हणाली. "आज मला काम न्हाय."

"ये. मला काय."

पुलाखालून दोघी पलीकडे गेल्या. शिवपुत्र आधीच येऊन ओळीला लागला होता. विजयमालेने मातीला हात लावून कपाळी नेला. गंगम्मेनेही तसेच केले. मग दोघींनी शेजारशेजारच्या ओळी धरल्या. गंगम्मेने पहिले ताट ओढले ते मधूनच मोडले. दुसरे निघाले, पण ती स्वतः मागे पडता पडता वाचली.

"बुडापाशी धर. कंबर टाक मागं."

"धरलं की."

"तसं न्हाय. हे असं."

विजयमालेने एक ताट उपटून दाखवले, माती झटकली, आडवे टाकले, आणि ती पुढे गेली. ऊन चढले. गंगम्मेचे मऊ तळवे लाल झाले, मग सोलवटले. तिने ओढणी फाडून चिंध्या बांधल्या, पण ती हटली नाही. बांधापाशी पोचल्यावर विजयमालेने वळून पाहिले. आपली ओळ पुरी झाली होती, शिवपुत्राची अर्धी, आणि गंगम्मा अजून सुरुवातीलाच वाकलेली होती, फार मागे, उभ्या ज्वारीत दिसेल न दिसेल इतकी. ते पाहून विजयमालेला कित्येक दिवसांत वाटले नव्हते इतके बरे वाटले. तिने चिंध्या पुन्हा आवळल्या आणि वेग जराही कमी न करता पुढची ओळ धरली.